गोंचिगचा कुमाईत गवताला तोंड लावत नाही

गोंचिग घोडे बांधायचा. आमच्या खोऱ्यात शर्यतीचा घोडा तयार करणाऱ्याला बांधणारा एवढंच म्हणतात, कारण सगळी विद्या त्या बांधण्यात आहे. उन्हाळा लागला की गवत खाऊन पोट सुटलेला घोडा पकडून आणायचा, दोन खांबांमध्ये उंच ताणलेल्या दोरीला त्याचं तोंड बांधायचं आणि त्याला उपाशी उभा करायचा. किती वेळ उपाशी, किती पाणी, कधी दोन घास, कधी घाम काढणारी दौड, हे ज्याला कळलं तो मोठा बांधणारा. पोट आत गेलं, चरबी घामावाटे निघाली, लीद कोरडी नि गोल झाली, की घोडा तयार. गोंचिग लीद हातात घेऊन फोडायचा, नाकाशी धरायचा आणि सांगायचा, "अजून एक रात्र." त्याचं हे 'अजून एक रात्र' खोऱ्यात इतकं गाजलं होतं की ज्यांना लिदीतलं ओ की ठो कळत नव्हतं, तेसुद्धा आपल्या घोड्यापुढे उभं राहून तेच म्हणायचे.

माणूस म्हणून तो काही फार गोड नव्हता. बुटका, पाय बाहेर वाकलेले, चालायला लागला की पोरं मागून नक्कल करायची. घोड्यावर बसला की मात्र देखणा दिसायचा. बोलणं तुटक. बायको याद्मा म्हणायची, "लग्नातच ह्याला लगाम घालायला हवा होता, राहून गेलं." पण घोड्यापाशी गेला की त्याचा आवाज बदलायचा. घोड्याच्या कानात तो काय बोलायचा ते कुणाला ठाऊक नाही. तेवढं माझ्याशी बोलला असता तर, असंही याद्मा म्हणायची, आणि मग त्याच्या चहात जरा जास्तच मीठ टाकायची.

त्याच्या दोरीला आता एकच खरा घोडा उरला होता, कुमाईत. गडद तांबूस अंग, काळी आयाळ, काळी शेपटी. आमच्याकडे घोड्याला नाव देत नाहीत, रंगावरूनच ओळखतात. त्याची आई एका वाईट हिवाळ्यात गेली. त्याचा थोरला भाऊ पिवळा, तोही गेला. ह्या वंशातलं आता दुसरं शिंगरू नव्हतं, आणि कुमाईत खच्ची केलेला, म्हणजे होणारही नव्हतं.

पिवळ्याची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. तो जिल्ह्याच्या उन्हाळी खेळांत पहिला आला, तेव्हा टेकडीपलीकडे राहणारा शागदर भर गर्दीत म्हणाला, "असा घोडा ह्या आभाळाखाली दुसरा नाही." शागदर मनाचा मोकळा आणि तोंडाचा त्याहून मोकळा. घोड्याला असं तोंडावर चांगलं म्हणायचं नसतं. म्हटलंच, तर पाठोपाठ काहीतरी वाईट म्हणून टाकायचं, म्हणजे दृष्ट लागत नाही. शागदर ते विसरला. शर्यतीनंतर पिवळ्यानं खाणं सोडलं, आणि गवत पिवळं पडायच्या दिवसांत तो माळावर आडवा झाला तो उठलाच नाही. गोंचिगनं त्याची कवटी टेकडीवरच्या पूजेच्या दगडांच्या राशीवर निळ्या रेशमात गुंडाळून ठेवली. तेव्हापासून शागदर भेटला की रीतीप्रमाणे तपकिरीच्या बाटल्यांची देवघेव व्हायची, पण गोंचिग त्याची बाटली हातात घेई आणि बूच न उघडता परत करी. शागदरला ते कळत होतं. तो गप्प बसायचा, आणि शागदरला गप्प बसणं किती जड जातं ते आम्हाला माहीत आहे.

ह्या उन्हाळ्यात खेळांना अवकाश होता, तेव्हाच कुमाईत जांभया देऊ लागला. घोडा जांभई देतो यात नवल नाही, पण हा एकामागून एक देत राहायचा, वरचा ओठ उलटा करायचा, मान लांब करून आभाळाकडे दात दाखवायचा. मग दात खाऊ लागला. दोरीखाली उभा, डोळे अर्धे मिटलेले, आणि जबडा कराकरा चाललेला. खोगीर घालताना तंग आवळला की पोट चोरायचा, कान मागे पाडायचा. संध्याकाळी भिजवलेला कोंडा पुढे ठेवला की एक घास घ्यायचा, चघळायचा, आणि तोंडातूनच खाली सोडून द्यायचा.

वाट वाकडी करून आलेला शागदर एका सकाळी दोरीजवळ थांबला.

"गोंचिग, तुझा घोडा लामा झाला काय रे? पहाटेपासून पुटपुटतोय."

"तू तोंड आवर," गोंचिग म्हणाला.

"मी कुठे चांगलं म्हटलं? लामा म्हटलं. लामाला चांगलं म्हणेन तर मी शागदर कसला."

गोंचिग हसला नाही. शागदर गेल्यावर याद्मा दुधाची बादली घेऊन बाहेर आली आणि दृष्ट टळावी म्हणून पळीनं चारी दिशांना दूध शिंपडू लागली. वारा उलटा फिरला, दूध तिच्याच अंगावर आलं. तिनं बाहीनं तोंड पुसलं आणि नवऱ्याकडे बघितलं. त्यानं बघून न बघितल्यासारखं केलं.

लीद मात्र तो रोज फोडत होता. लहान, काळी, वरून चिकट पापुद्रा. त्यानं ती नाकाशी धरली, आणि त्याच्या मनानं जे आयुष्यभर सांगितलं होतं तेच सांगितलं. आत उन्हाळ्याचं गवत अडकून राहिलंय. पोट साफ झालेलं नाही. भूक लागली की मुकाट खाईल. अजून एक रात्र.

एकदा पाण्यावर नेताना कुमाईतनं हिसका देऊन दोरी सोडवली आणि तो ओढ्यापलीकडच्या खारट जमिनीकडे गेला. तिथे माती पांढरी असते, पापडखारासारखी, जनावरं ती कधीमधी चाटतात. कुमाईत मात्र चाटत नव्हता, खात होता. जबडाभर माती ओरबाडून गिळत होता. गोंचिग धावत गेला आणि त्याला ओढत परत आणलं. खार खाल्ला की घोडा पाणी फार पितो, पोट जड होतं, सगळी मेहनत पाण्यात जाते. त्या रात्री दोरी त्यानं जरा आखूड बांधली.

मग खोऱ्यातली चाचणी दौड झाली, आणि कुमाईत जिंकला. जिंकला म्हणजे कसा, तर दुसरा घोडा टेकडीआडून दिसायच्या आत हा निशाणाशी पोचला. त्याच्यावर शागदरची नात बसली होती. ती उतरली आणि थेट शागदरपाशी गेली. "आजोबा, तो पळत नव्हता," ती म्हणाली, "तो कशापासून तरी पळून जात होता." मोठी माणसं हसली. गोंचिगही हसला. त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं, पोट रिकामं, घोडा हलका, आणि निशाण समोर. त्याच दुपारी कुमाईत घामेजलेल्या अंगानं खाली बसला, लोळला, उठला, पुन्हा बसला, आणि मान वळवून आपल्याच कुशीकडे बघत राहिला. गोंचिगनं त्याला उठवून दोरीला बांधलं. शर्यतीनंतर घोडा रात्रभर उपाशी उभा करायचा असतो. तसंच शिकला होता तो, आणि तसंच शिकवत आला होता.

त्या दिवसानंतर कुमाईतनं खाणं सोडलं. कोंडा नको, गवत नको, पाणी दोन घोट. गोंचिगनं पहिल्यांदा त्याला मोकळा सोडायचं ठरवलं, मग विचार बदलला, मग पुन्हा ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा हात गाठीवर थांबत होता. पिवळ्याचंही असंच सुरू झालं होतं, हे त्याच्या मनात येत होतं, आणि आलं की तो शागदरला शिव्या घालत होता.

शेवटी याद्मानंच टेकडीवर जाऊन, जिथे फोनला आवाज लागतो तिथून, गावच्या जनावरांच्या डॉक्टरणीला बोलावलं. ती ओयुन. आमच्याच खोऱ्यातली पोर, शिकून आलेली, मोटरसायकलवर हिंडते. आली, चहा प्यायली, घोड्याकडे गेली. हिरड्या बघितल्या, कुशीला कान लावला, मग पुढच्या पायामागे दोन बोटं दाबली. कुमाईत गर्रकन मान वळवून चावायला आला. आयुष्यात तो कुणाला चावला नव्हता.

"काका, ह्याला सोडा," ओयुन म्हणाली. "पोटात फोड आलेत. व्रण."

"कशानं?"

"ह्यानं." तिनं वरच्या दोरीकडे बोट केलं. "माणसाच्या पोटात जेवणापुरतं आंबट पाणी येतं. घोड्याच्या पोटात ते दिवसरात्र झिरपत असतं, कारण घोडा दिवसरात्र चरतो. चारा नसला की ते पाणी पोटालाच खातं. आणि रिकाम्या पोटी पळवला की ते उसळून पोटाच्या वरच्या भागात जातं, जिथली आतली कातडी नाजूक असते."

गोंचिगनं पाइप पेटवला. "तुमच्या शाळेत घोडे बांधतात वाटतं?"

"नाही काका. आमच्या शाळेत मेलेले फाडतात."

"माझ्या आज्यानं असेच बांधले. त्याच्या आज्यानं असेच बांधले."

"मग त्यांच्या किती घोड्यांनी शर्यतीनंतर खाणं सोडलं, ते कुणी सांगितलं का तुम्हाला? माती खाल्ली का ह्यानं?"

याद्मा म्हणाली, "खाल्ली. खारी माती. ह्या म्हाताऱ्यानं ओढून आणला."

"तो आपलं औषध आपण शोधत होता," ओयुन म्हणाली. "तुम्हाला आंबट वर आलं की तुम्ही सोडा घेताच ना?"

"पोरी, तू घोड्यांना हात लाव, मला शिकवू नकोस," गोंचिग म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. आणि मग याद्मा बोलली. ती बादली उपडी करून तिच्यावर बसली होती, आणि जमिनीकडे बघत बोलली.

"तो लंगडा तांबडा आठवतो का रे, म्हाताऱ्या? हिवाळ्याच्या मांसाला कापला होता तो?"

"त्याचं काय?"

"त्याचं पोट मी धुतलं होतं. पोटाचा वरचा अर्धा भाग पांढरा असतो, गुळगुळीत. त्याचा कसर लागलेल्या लोकरी नमद्यासारखा झाला होता. एके ठिकाणी माझं बोट आरपार जाता जाता राहिलं. कळपातल्या घोड्यांची पोटं मी जन्मभर धुतलीत. तसं एकाचंही पाहिलं नाही. तांबडा कितीतरी उन्हाळे तुझ्या दोरीला होता."

"तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तू मला लीद कशी फोडायची ते शिकवलं असतंस."

ओयुन दुसरीकडे बघू लागली. गोंचिगच्या हातातला पाइप विझला होता, तरी तो ओढत होता. त्याला पिवळा आठवत होता. शेवटच्या दिवसांत पिवळा असाच कुशीकडे बघायचा, आणि गोंचिग त्याला म्हणायचा, थांब रे, अजून एक रात्र. कुणाच्या जिभेनं त्याला नेलं नव्हतं. दृष्ट लागली नव्हती. गोंचिगनं तो स्वतःच्या हातानं, मायेनं, डोळ्यात तेल घालून मारला होता, आणि दोष मात्र शागदरच्या पदरात टाकला होता. हे कळल्यावर माणूस कसा बसून राहतो ते ज्यानं पाहिलं त्यालाच ठाऊक. याद्मानं पाहिलं. तिला त्याची कीव आली, आणि रागही गेला नाही.

त्यानं उठून गाठ सोडली. ओयुननं औषधाची एक नळी दिली, रोज पहाटे जिभेवर पिळायची, त्यानं आंबट कमी होतं. "पण ही नळी अर्धंच काम करेल," ती म्हणाली. "उरलेलं गवतानं व्हायला हवं. सतत थोडं थोडं पोटात गेलं पाहिजे. काहीही करा, पण खायला लावा. आणि काका, गवत पिवळं पडायच्या आत."

ते तिनं सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे हिवाळा चरबीवर काढतात. शरदात ज्या घोड्याच्या बरगड्या दिसतात, त्याला वसंत दिसत नाही.

दोरी सुटली तरी कुमाईत हलला नाही. मान वर ताणून, वर दोरी बांधलेली असावी तसा, खांबांमध्ये उभाच राहिला. गोंचिगनं त्याला खांद्यानं ढकलत गवतात नेलं.

मग सुरू झाली खाऊ घालायची धडपड. खोऱ्यातल्या लोकांनी गोंचिगला असा कधी पाहिला नव्हता. ओढ्याकाठचं कोवळं गवत तो विळ्यानं कापून आणायचा. डोंगरावरची रानकांद्याची पात शोधत फिरायचा, तिचा वास घोड्यांना वेड लावतो. कोंड्यात कोमट पाणी, चिमूटभर मीठ. सोबतीला एक म्हातारी शांत घोडी सोडली, शेजारी चरणारं कुणी असलं की चरायची आठवण होते म्हणून. ज्या खाऱ्या मातीपासून त्यानं कुमाईतला ओढून आणलं होतं, तीच पोत्यात भरून आणून त्याच्यापुढे ओतली. उन्हाळी खेळ आले आणि गेले. पहिल्यांदाच गोंचिगच्या नावाचा घोडा पुकारला गेला नाही. त्या दिवशी तो ओंजळीत रानकांदा धरून कुमाईतच्या तोंडापुढे उभा होता. "खा रे. माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी खा." कुमाईतनं एक पात ओठात घेतली. ती तशीच लोंबत राहिली, आणि वाऱ्यानं खाली पडली.

बरगड्या एकेक करून वर येऊ लागल्या. पाठीच्या कण्यावर कावळा येऊन बसू लागला, आणि कुमाईत त्याला शेपटीनं हाकलेनासा झाला. ओढ्याच्या चिखलात एकाच लांडग्याच्या पावलांचे ठसे दिसले, येऊन बघून गेल्यासारखे. रोज सकाळी गेरच्या, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूच्या, दारातून बाहेर पडताना गोंचिग आधी खाली बघायचा आणि मग हळूहळू नजर वर करायचा, घोडा उभा आहे की आडवा ते कळायच्या आधी एक क्षण मिळावा म्हणून.

नळी संपली. दुसरी आणायला तो स्वतः गावाला गेला, आणि ओयुन कुठल्याशा गायीकडे गेलेली असल्यामुळे एक मुक्काम पडला. परत येताना कुमाईत दिसायच्या आधी त्याला गवतात त्याची लीद दिसली. सवयीनं तो खाली वाकला, उचलली, फोडली. ओलसर, हिरवी, आत गवताचे धागे. नाकाशी धरली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पोटात चारा गेल्याशिवाय असं होत नाही. घोड्यानं खाल्लं होतं, चांगलं पोटभर खाल्लं होतं. तो धावतच कुमाईतकडे गेला. कुमाईतनं मान वर केली, आणि चालता जबडा थांबला.

"खातोय," गोंचिग धापा टाकत घरात शिरला. "म्हातारे, तो खातोय."

याद्मा दूध तापवत होती. तिनं पळी खाली ठेवली. "तू नसलास की खातो," ती म्हणाली.

"काय?"

"तू रानकांदा शोधायला डोंगरावर गेलास की थोडं खातो. काल तू नव्हतास, तर दिवसभर चरला. मला वाटलं मनाचे खेळ. म्हणून आधी बोलले नाही."

"काहीतरीच बोलतेस. मी त्याला शिंगरू असल्यापासून वाढवलाय."

"हो," याद्मा म्हणाली. "तूच."

त्यानं मानलं नाही. कसं मानावं? त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कुमाईत जवळ येऊ देत नसे. दुसऱ्या दिवशी तो पहाटेच निघाल्याचं दाखवून उंच गवताच्या झुडपांमागे जाऊन पालथा पडला. वारा त्याच्या तोंडावर होता. कुमाईत म्हाताऱ्या घोडीशेजारी चरत होता. खाली मान, ओठानं गवत गोळा करणं, तोडणं, चावणं. गोंचिगला तो आवाज इतका बरा वाटला की त्यानं श्वासही हळू घेतला. किती दिवसांनी ऐकत होता.

मग वारा फिरला.

कुमाईतच्या नाकपुड्या फुलल्या. जबडा थांबला. तोंडातलं गवत अर्धं बाहेर लोंबत राहिलं आणि खाली पडलं. तो इकडेतिकडे बघून पळाला असता तर गोंचिगला एवढं लागलं नसतं. तो पळाला नाही. तो वळला, संथ पावलांनी गेरकडे चालत गेला, रिकाम्या खांबांमध्ये जाऊन उभा राहिला आणि त्यानं मान वर ताणली. गोंचिगचा वास आला म्हणजे उपाशी उभं राहायचं, एवढंच त्या जनावराला ठाऊक होतं. कानात सांगितलेल्या सगळ्या गोष्टींपैकी तेवढीच एक त्याच्या पोटात उतरली होती.

गोंचिगनं त्या दुपारी खांब उपटले. मग बाजेवर बसून बराच वेळ पायातल्या जोड्यांकडे बघत राहिला. "मी काही दिवस शागदरकडे जाऊन राहतो," तो म्हणाला.

"शागदरकडे?" याद्माला हसू आलं, ते तिनं आवरलं. "तो बोलून बोलून तुझा जीव घेईल."

"घेऊ दे. औषध तू देत जा. आवाज न करता देत जा."

शागदरनं त्याला दारात बघितलं आणि काही विचारायच्या आधी तपकिरीची बाटली पुढे केली. गोंचिगनं ती घेतली, बूच उघडलं, चिमूट घेतली, दोनदा शिंकला. "तुझ्या जिभेनं काही केलं नव्हतं," तो म्हणाला. "पिवळ्याला मीच मारला."

शागदरनं बाटली परत घेतली आणि बूच लावलं. "इतकी वर्षं मला वाटायचं, मीच," तो म्हणाला. "रात्री झोप लागायची नाही रे मला. आधी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. बस, चहा पी."

दिवस लहान होत गेले. गवत पिवळं पडलं. खोऱ्यातले तरुण बांधणारे शागदरकडे यायचे, पुढच्या उन्हाळ्याचं विचारायचे, आपल्या घोड्यांची लीद फडक्यात बांधून आणायचे. गोंचिग सांगायचा, बांधू नका, उपाशी ठेवू नका, दोरी तोडून टाका. ते एकमेकांकडे बघायचे. बाहेर पडल्यावर म्हणायचे, म्हातारा आपली विद्या लपवतोय. आणि त्यातला एकजण त्याच्याच आवाजात म्हणायचा, "अजून एक रात्र," आणि सगळे हसायचे. गोंचिगला आत ते ऐकू यायचं.

पहिलं दव गोठलं त्या सकाळी याद्मा घोड्यावर बसून आली. रीतीप्रमाणे आधी जनावरांचं विचारणं झालं, हवेचं झालं, चहा झाला, शागदरनं तिच्या टोपीची थट्टा केली. गोंचिग वाटी हातात धरून वाट बघत होता.

"खातोय," शेवटी याद्मा म्हणाली. "बरगड्या झाकल्या. काल त्यानं कावळ्याला हाकललं."

गोंचिग उठला आणि खोगिराकडे हात नेला.

"बस," याद्मा म्हणाली.

"बघून येतो फक्त. लांबून."

"बस रे." तिनं वाटी खाली ठेवली. तिचा आवाज मऊ होता, आणि ती मऊ बोलली की गोंचिगला भीती वाटायची. "परवा तुझा हिवाळी अंगरखा पेटीतून काढला. तुला आणून द्यावा म्हणून उन्हात टाकला दोरीवर. वारा तिकडे जात होता. त्यानं दिवसभर गवताला तोंड लावलं नाही."

शागदरनं तिच्या वाटीत पुन्हा चहा ओतला.

"मग?" गोंचिगनं विचारलं.

"मग मी अंगरखा दोरीवरून काढून पेटीत बंद केला. संध्याकाळपर्यंत वास गेला. रात्री चरायला लागला."

गोंचिगनं खोगिरावरचा हात काढून घेतला. "मी कधी येऊ?"

"बर्फ पडू दे. वितळू दे. मग बघू." ती त्याच्याकडे बघत नव्हती. "मलाही घरात एकटीला बरं वाटत नाही, म्हाताऱ्या. पण आत्ता त्याला थोडी चरबी धरू दे."

अंगरखा तिनं पुन्हा पेटीबाहेर काढला नव्हता, आणलाही नव्हता. शागदरनं आपला जुना दिला, तो गोंचिगला लांब होतो, बाह्या दुमडाव्या लागतात.

लोक म्हणतात, म्हातारा-म्हातारीचं वाजलं आणि तिनं त्याला घराबाहेर काढलं. गोंचिग कुणाला काही सांगत नाही. टेकडीपलीकडून कुणी आलं की तो दाराशी येतो आणि विचारतो, "खातोय ना?" खातोय म्हटलं की पुढे काही विचारत नाही. मग आत जाऊन गरम पाणी घेतो, चुलीतली राख घेतो, आणि दोन्ही हात बराच वेळ घासत बसतो.